निरुत्तराची कैफियत

दूरच्या यंत्रावरील प्रोसीजर आपल्याच प्रोग्रॅममधील असल्यासारखी सहज बोलाविता यावी, ही रिमोट प्रोसीजर कॉलची मूळ प्रतिज्ञा. आणि तो शिकविणारे बहुतेक ग्रंथ याच प्रतिज्ञेच्या मोहात सापडतात. दोन संख्यांची बेरीज सर्व्हरकडून करवून घ्यावी, आरपीसीजेन या साधनाने दोन्ही बाजूंना जोडणारे स्टब तयार करावेत आणि पडद्यावर उत्तर उमटताच प्रकरण आटोपते घ्यावे, असा त्यांचा शिरस्ता असतो. परंतु उत्तर आले नाही, तर हुकूम पोहोचलाच नव्हता, की त्याची तामिली होऊन केवळ जबाब वाटेत गहाळ झाला, हे मागणाऱ्यास कळण्यास मार्ग नसतो. फाइल वाचण्याची विनंती पुन्हा धाडल्याने सहसा काही बिघडत नाही. खात्यातून रक्कम वजा करण्याची विनंती पुन्हा धाडली, तर खातेदाराचे नुकसान होऊ शकते.

या प्रश्नाला टाळाटाळ न करता सामोरे जाणारे लेखन दुर्मिळ असले, तरी नवे नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ सालच्या आपल्या निबंधात स्पष्ट नमूद केले, की कॉल परतला तर प्रोसीजर नेमकी एकदाच चालली असे समजावे, आणि अपवाद कळविला गेला तर ती एकदा चालली असेल किंवा मुळीच नसेल. सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९८८ सालच्या आरएफसी १०५७ या दस्तऐवजात तर अशी निःसंदिग्ध कबुली आहे, की पोहोचण्याची हमी न देणाऱ्या यूडीपीवरून वारंवार विनंती धाडूनही जबाब न आल्यास ती प्रोसीजर किती वेळा चालली याविषयी कोणतेही अनुमान काढता येत नाही. पुढे १९९४ साली जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विलंब, स्मृती, समवर्तित्व आणि आंशिक अपयश या चार कारणांस्तव जवळचे व दूरचे एक मानण्याच्या कल्पनेवरच आक्षेप घेतला. गूगलने २०१५ साली खुल्या केलेल्या जीआरपीसी या रिमोट प्रोसीजर कॉलच्या प्रणालीतही कॉलला उत्तराची वाट पाहण्याची मुदत आपोआप लागत नाही. ती प्रोग्रॅमरने स्वतः घालावयाची असते.

म्हणून नवशिक्याने मार्गदर्शिका निवडताना उदाहरणांच्या सुबकतेवर भाळू नये. मुदत संपल्यावर काय करावे, विनंती पुन्हा केव्हा धाडावी आणि दुबार आलेली विनंती सर्व्हरने कशी ओळखावी, हे तिने सांगितले आहे काय, ते आधी तपासावे. हे ज्या ग्रंथात नाही, त्याने केवळ कॉल लिहिण्याची रीत शिकविली. कॉलची जबाबदारी शिकविली नाही.