जरा अ‍ॅडजस्ट करा

एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा माणूस येऊन ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतो, तेव्हा अ‍ॅडजस्ट नेमकं कुणी करायचं असतं? खिडकीशी बसलेला खिडकी सोडत नाही. मधला आधीच मधला असतो. उरतो तो कडेचा. हा कडेचा म्हणजे बहुधा मी. नगर ते नेवासा फाटा हा रस्ता मी आजवर निम्म्या बुडाने पार केला आहे. आमची ही म्हणते, “तुमचा स्वभाव फार समंजस.” तिच्या तोंडून हे कौतुकासारखं वाटत नाही.

परवा अशाच एका प्रवासात माझ्या मांडीवर वडिलांची जुनी चामड्याची बॅग होती आणि बॅगेत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. वडिलांचं नगरचं घर आम्हा दोघा भावांच्या नावावर व्हावं म्हणून बहिणीने त्यावर सही करायची होती. धाकट्याने मसुदा माझ्या हाती देताना सांगितलं, “दादा, ताईला जरा अ‍ॅडजस्ट करायला सांग. ती तुझं ऐकते.” ऐकते, हे खरंच. आणि तिला कोणी विचारलेलं नव्हतं, हेही खरंच. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. आमच्या घरात तो अजून पोचायचा होता. मी ‘बघतो’ म्हणालो. समंजस माणसाचा हा आवडता शब्द.

फाट्यावर उतरताना बॅगेचा पट्टा तुटला.

नेवाशाच्या बाजारपेठेत आमच्या मामांचं दुकान आहे. मामा म्हणजे नात्याने नव्हे. गावात मी तीस वर्षं मास्तरकी केली, तेवढ्या काळात माझ्या चपला त्यांनी किती वेळा वाचवल्या याची गणती नाही. त्यांनी पट्टा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “सर, नुसता तुकडा जोडून शिवला तर गाठ येईल. खांद्याला टोचंल आन् शिवणही तिथंच झिजंल. दोन्ही टोकं तासावी लागत्यात.”

मग त्यांनी पोत्याखालून एक लोखंडी यंत्र काढलं. पुढं मूठ, मूठ फिरवली की फिरणारा खाली एक रूळ, आणि रुळावर आडवं बसवलेलं रुंद पातं. मधून चामडं ओढलं जातं आणि त्याचा खालचा थर सुटून येतो. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं. नाव कोरलेली पट्टी इतक्या वेळा रंगवलेली की कारखान्याचं नाव त्याच्या मालकालाही ओळखू आलं नसतं.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. दीड तास लागला. मामांनी आधी पातं सोडवलं, धारेच्या दगडावर घासलं आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर चोळलं. चामडं कापणाऱ्या पात्याला अखेरचा हात चामड्याचाच लागतो, हे पाहून मला उगाच आमच्या भाऊबंदकीची आठवण झाली. पुढं रुळाच्या कण्याला तेलाचे दोन थेंब. नंतर डोळा फटीला लावून ते दिव्याकडे पाहू लागले. डावीकडचा आणि उजवीकडचा उजेड सारखा दिसेपर्यंत स्क्रू पाव पाव फेरा फिरवत राहिले. मग एक टाकाऊ तुकडा डाव्या टोकातून ओढला, दुसरा उजव्या टोकातून. दोन्ही चिमटीत धरून म्हणाले, “अजून उजवीकडं जाड जातंय.” मला दोन्ही सारखेच लागत होते. पण मी तर समंजस!

मी म्हणालो, “मामा, एवढी धार कशाला? जरा जास्त आवळा की.”

“तीच तर चूक करत्यात लोक,” मामा म्हणाले. “धार गेलेली असती, आन् आवळत बसत्यात फट. मग चामडं कापत न्हाई, गोळा होऊन फाटतं. सर, इथं हलतो तो रूळ. पातं जागचं हलत न्हाई. अ‍ॅडजस्ट करायचं ते अंतर. धार न्हाई.”

मास्तराला कुणी शिकवलं की त्याला लगेच उलट काहीतरी शिकवावंसं वाटतं. मी त्यांना सांगितलं की डॉ. सांकळियांनी १९५४ ते १९५६ या काळात आपल्या गावात उत्खनन केलं, आणि प्रवरेकाठच्या गोट्यांत अश्मयुगीन माणसाची दगडी तासण्या सापडल्या. लाकूड आणि कातडी तासायला अशी हत्यारं वापरत. त्या हत्यारांच्या परंपरेला सांकळियांनी आपल्या गावावरून ‘नेवासियन’ नाव दिलं. मामा तुकडा चाचपत म्हणाले, “म्हंजी गिऱ्हाइकाची घाईही तवापासूनचीच म्हणा.”

जोडकामाची गोष्ट निघाली तर नेवाशात ज्ञानेश्वरांना कसं टाळणार? शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, त्यांनी इथंच खांबाला टेकून संस्कृत गीतेला मराठी जोडली, आणि सांधा आजही हाताला लागत नाही. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. गीतेची धार जागेवर राहिली. कमी झालं ते अंतर.

एव्हाना मामांनी जुन्या पट्ट्याचं टोक रुळावर ठेवलं होतं. एका हाताने मूठ, दुसऱ्याने दांडा. टोकाला उतरता उतार आला. तासलं ते खालच्या अंगाने. तिथली वीण सैल असते. वरचा घट्ट, टिकाऊ थर त्यांनी शिवला नाही. मग नव्या तुकड्याचंही तसंच. एकावर एक ठेवले तेव्हा दोघांची मिळून जाडी एकाच पट्ट्याएवढी भरली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि एकालाच तासलं तर?”

“मग त्योच तुटंल. आन् लोक म्हणतील, त्याचंच चामडं कच्चं.”

मी पैसे दिले आणि घासाघीस केली नाही. घरी येऊन हे आमच्या हिला सांगितलं. ती म्हणाली, “हे मी तुम्हाला लग्नापासून सांगतेय.” असेल. पण तिने यंत्र कधी दाखवलं नव्हतं.

रात्री धाकट्याला फोन केला. ताईला सही करायला मी सांगणार नाही. तिघांचे तीन वाटे होतील, माझाही तासला जाईल, असं सांगितलं. तो म्हणाला, “दादा, तू असा नव्हतास.” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याला तीन आठवडे झाले.

अंतर वाढलं आहे, हे मला कळतं आणि रात्री टोचतंही. पण अंतर हे रुळाचं काम आहे. स्क्रू उलटा फिरतो. येत्या रविवारी मी नगरला जाणार आहे. बॅग बरोबर असेल, मसुदा नसेल. जमलं तर जाताना खिडकीशी बसणार आहे.