आच्छादनाची ओल
घरांना दारे न लावण्याच्या प्रथेमुळे सर्वदूर परिचित असलेले शनिशिंगणापूर हे नेवासे तालुक्यातील गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे सह्याद्री ओलांडताना ढगांचे बहुतेक पाणी सरल्यावर उरलेला पाऊस ज्याच्या वाट्याला येतो अशा पट्ट्यात, वसलेले आहे. वैशाखात येथील काळी जमीन उघडी राहिली, तर तिला भेगा पडतात आणि त्यांतून खोलवरची ओलही बाष्परूपाने निघून जाते. घराचे दाराविना भागत असेल, बागेचे आच्छादनाविना भागत नाही. आच्छादन म्हणजे जमिनीवर पसरलेला काडीकचऱ्याचा थर, जो ऊन आणि वारा मातीला थेट भिडू देत नाही, तण दडपतो आणि कुजल्यावर सेंद्रिय कर्बात भर घालतो.

उसाच्या या टापूत त्यासाठी पाचट, अर्थात उसाची वाळलेली पाने, हेक्टरी साधारणतः 8 ते 10 टन मिळते. तोडणीनंतर ते पेटवून देण्याची रीत सोयीची असली, तरी अविचाराचीच म्हटली पाहिजे; शेजारच्या राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही ते शेतातच कुजवण्याची शिफारस करते. परसबागेत आधी भरपूर पाणी द्यावे, मग दोन-तीन इंच जाडीचा थर पसरावा आणि बुंध्यालगत चार बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा तेथे ओल साचून साल कुजते. वाळवीचा उपद्रव असल्यास थर अधूनमधून हलवून पाहणे बरे.

फडातील पाचटाला काडी लावण्यापूर्वी श्रोत्यांनी त्यातील दोन भारे तरी अंगणातल्या लिंबोणीच्या आणि कढीपत्त्याच्या आळ्यांत पसरावेत.