जनरल ब्लास्कोवित्सची तक्रार

हिटलरचे सगळेच जनरल खुनशी नव्हते असं सांगणाऱ्यांच्या तोंडी एक नाव हमखास येतं : योहानेस ब्लास्कोवित्स. पूर्व प्रशियातल्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १८८३. त्याने एसएसच्या कत्तलींविरुद्ध लेखी तक्रार केली. हे खरंय. पण ती तक्रार कुणासाठी होती? मेलेल्यांसाठी, की मारणाऱ्यांसाठी?

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून गेलेल्या जर्मनीच्या आठव्या आर्मीचा तो सेनापती. २८ सप्टेंबरला वॉर्साने शरणागती दिली ती त्याच्यापुढे. त्याआधीच त्याच्या आर्मीच्या वाटेवर झ्लोचेव गावात सैनिक आणि एसएसवाल्यांनी मिळून सुमारे २०० माणसं मारलेली. ऑक्टोबरात व्याप्त पोलंडमधल्या जर्मन फौजेची सूत्रं त्याच्याकडे आली. आता एसएस आणि पोलिसांचं काम त्याच्यासमोर येऊ लागलं. ज्यू, मास्तर, पाद्री, शिकलेसवरलेले पोल, धरायचे आणि गोळ्या घालायच्या. नोव्हेंबरात त्याने वर कागद धाडला. हिटलर भडकला. मुक्तिफौजेच्या पद्धतीने लढाई होत नसते, म्हणाला. फेब्रुवारी १९४० मध्ये ब्लास्कोवित्सने पुन्हा लिहिलं, जास्त कडक.

त्याचं धाडस मी नाकारत नाही. त्या हुद्द्यावर बसून असं लिहिणारे फार थोडे होते. पण त्या दुसऱ्या कागदातली कारणं बघा. काही दहा हजार ज्यू आणि पोल कापून काढणं चुकीचं; का, तर लोकसंख्या एवढी मोठी की तेवढ्याने पोलंडची कल्पना मरत नाही आणि ज्यूही संपत नाहीत. शत्रूला प्रचाराला आयतं हत्यार मिळतं. लोकांना ज्यूंची कीव यायला लागते. फौजेचं नाव बद्दू होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगले जर्मन तरुण रक्ताला चटावतात, रोगाची साथ पसरावी तसे बिघडतात.

आता सांगा, यात मेलेला माणूस कुठाय? खड्ड्यात पडला तो. हिशेबात नाही.

आणि या हिशेबातच सुरी आहे. 'एवढे मारून भागत नाही' असं म्हणणाऱ्याला थंड डोक्याचा खुनी काय उत्तर देईल? मग सगळेच मारू. १९४५ पर्यंत पोलंडचे सुमारे ३० लाख ज्यू संपवले गेले. ब्लास्कोवित्सच्या कागदामुळे ते झालं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या युक्तिवादात त्यांना वाचवणारी एकही ओळ नव्हती. खून चूक आहे कारण तो माणूस आहे, हे साधं वाक्य त्याच्या हातून उतरलं नाही. ते उतरलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : मग तू पोलंडमध्ये काय करतोयस?

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. अस्पृश्यता धर्मावरचा डाग आहे, म्हणणारे आपण ऐकलेत. डाग म्हटला की काळजी कापडाची. साच्यावर राबणाऱ्याला हे फोडून सांगावं लागत नाही. त्याचा हात सापडला की आधी ताग्याला रक्त लागलं का बघणारे असतातच.

मे १९४० मध्ये त्याला पोलंडमधून हलवलं. त्या जुलैत हिटलरने १२ जनरलांना फील्ड मार्शल केलं, त्यात हा नव्हता. एवढीच शिक्षा. बढती चुकली, नोकरी नाही. फ्रान्समध्ये पहिली आर्मी, १९४४ मध्ये आर्मी ग्रुप जी, १९४५ मध्ये हॉलंडात आर्मी ग्रुप एच. कत्तल डोळ्यांनी बघून, कागदावर लिहून, तो आणखी पाच वर्षं त्याच राज्यासाठी लढला. ५ मे १९४५ ला वाखेनिंगेनमध्ये कॅनडाच्या जनरलपुढे शरण आला. ५ फेब्रुवारी १९४८ ला न्युरेंबर्गमध्ये जनरलांवरचा खटला उभा राहिला, त्याच दिवशी पहारेकऱ्यांच्या हातून निसटून त्याने वरून उडी टाकली.

त्याच फौजेत अँटोन श्मिड नावाचा एक सार्जंट होता. व्हिएन्नाचा, विजेची कामं करणारा, रेडिओचं दुकान चालवणारा. विल्नामध्ये नेमणूक. त्याने कुठलाही अर्ज केला नाही. ज्यूंना कामाचे कागद करून दिले, लपवलं, लष्कराच्या ट्रकमध्ये घालून शहराबाहेर काढलं. अशी शेकडो माणसं. १३ एप्रिल १९४२ ला त्याला गोळ्या घातल्या. आपण माणसासारखं वागलो, एवढंच त्याने शेवटच्या पत्रात बायकोला कळवलं. जनरलकडे त्याच्यापेक्षा ट्रक जास्त होते.

म्हणून ब्लास्कोवित्सचा कागद फेकून द्यायचा का? नाही. युद्धानंतर जनरलांनी टाहो फोडला : आम्हाला ठाऊक नव्हतं, ते सगळं एसएसचं. तिथे हा कागद कामाला येतो. त्याचा गौरव करू नका, तो साक्षीला उभा करा. १९३९-४० च्या हिवाळ्यात हेल्मुट ग्रोसकुर्ट नावाचा अधिकारी तो घेऊन पश्चिम आघाडीवर फिरला, तिथल्या सेनापतींना दाखवला. त्यांनी तो वाचला. मे महिन्यात ते फ्रान्सवर चालून गेले.