नृत्य कोणाचे?

चित्रकार गेला तरी चित्र भिंतीवर राहते. कवीमागे त्याचे कागद उरतात. नृत्याचे तसे नाही. पडदा पडला की ते संपते, आणि पुन्हा उभे राहावयाचे तर त्यास नवे शरीर लागते. अशा कलेवर स्वामित्व कोणाचे मानावे? हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

रशियात वाढलेला जॉर्ज बॅलन्शिन १९३३ साली लिंकन कर्स्टीनच्या निमंत्रणावरून अमेरिकेत आला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नव्या शाळेतील विद्यार्थिनींसाठी त्याने ‘सेरेनेड’ हा बॅले रचला. पहिल्या दिवशी सतरा मुली हजर होत्या, म्हणून आरंभीची मांडणी सतरा जणींची झाली. एक मुलगी तालमीत पडली, एक उशिरा आली. त्याने दोन्ही गोष्टी रचनेत सामावून घेतल्या. आता ते पडणे कोणाचे? पाय घसरला तो मुलीचा. त्यात अर्थ दिसला तो बॅलन्शिनला.

१९८३ साली तो वारला. मृत्युपत्राने त्याने आपले बॅले निकटच्या माणसांना वाटून दिले. त्यांत त्याच्या नर्तकी होत्या. डॉन किहोटेवरील बॅले सुझान फॅरेलला मिळाला. तो १९६५ साली तिच्यासाठीच रचलेला होता. ज्या शरीराने नृत्य सांभाळले त्याच्याच हाती ते सोपवावे, यात आम्हांस केवळ औदार्य नव्हे, न्याय दिसतो.

याउलट, बॅलेची चौकट मोडून आधुनिक नृत्य घडविणाऱ्या मार्था ग्रॅहमची कथा. ती १९९१ साली निवर्तली. पुढे तिचा वारस आणि तिची संस्था यांच्यात वाद पेटला. पैशाची चणचण आणि हा कलह यांपायी २००० साली मंडळाचे प्रयोगच थांबले. २००२ साली न्यायालयाने ठरविले की, ग्रॅहम ही संस्थेची नोकर होती, सबब बहुतेक नृत्ये संस्थेची. निर्णय कायद्यास धरून असेल. परंतु निर्माती स्वतःच्याच घरात नोकर ठरावी, हे मनाला बोचते. तरीही, निकाल वारसाच्या बाजूने लागता तर नृत्य अधिक सुरक्षित झाले असते, असे तरी कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, धनी नसेल तर वाटेल तो नृत्याची मोडतोड करील. आक्षेप खरा आहे, राखणदार हवाच. परंतु कुलुपात ठेवलेले सोने सोनेच राहते, कुलुपात ठेवलेले नृत्य मात्र विसरले जाते. म्हणून येथे हक्क याचा अर्थ शिकविण्याचे कर्तव्य, एवढाच घ्यावा. जो शिकवितो तोच नृत्याचा खरा वारस. कागद कोणाच्या का नावावर असेना.