लाज शरीराची कीं दृष्टीची?

आपलें शरीर स्थूल आहे किंवा कृश आहे, ह्याची मनुष्यानें लाज वाटून घ्यावी काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरीं तेरा-चौदा वर्षांचें मूल आहे तेथें तो क्षुल्लक नाहीं. 'ढब्बू' अशी हांक ऐकून खेळावयास न जाणारा मुलगा, आणि 'हिचें कसें जमणार' हे शब्द ऐकून अर्धपोटीं पानावरून उठणारी मुलगी, आपल्या गांवोगांवीं आहेत. वडील माणसें म्हणतात, "जरा लाज वाटली म्हणजे आपोआप सुधारेल." हें म्हणणें खरें आहे काय, ह्याचा, वाचकहो, शांत चित्तानें विचार करूं.

लाजेस नीतींत स्थान आहे, हें कोणी नाकारणार नाहीं. ज्यानें लबाडी केली किंवा दुसऱ्याचें धान्य चोरिलें त्यास लाज वाटली पाहिजे. कारण तें कर्म त्याचें आहे, व तें त्यास सोडतां येतें. परंतु हाडांची ठेवण, आईबापांकडून आलेला बांधा, वाढीचें वय, हीं कोणाचीं कर्में नव्हत. जें केलें नाहीं त्याबद्दल लाजविणें म्हणजे निरपराध्यास शिक्षा करणें होय.

"पण खाणें तर कर्मच आहे ना?" असें कोणी विचारील. होय, तथापि घरांत काय आणावें व काय शिजवावें हें मूल ठरवीत नाहीं. दुकानांतून गोड पेयांच्या बाटल्या व तळलेल्या पदार्थांचीं पाकिटें आणणारा हात बहुधा वडिलांचाच असतो. मग दोष वांटावयाचाच असेल तर पहिला वांटा मुलाच्या पानांत पडणार नाहीं.

आतां ही लाज उत्पन्न कोठें होते तें पाहूं. पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांत पूर्वापार भरलेल्या अंगास मान असे. पोटभर जेवणें व जेवूं घालणें हें तेथें प्रेमाचें लक्षण समजत. कोणी वाळला तर आप्तांस चिंता पडे. १९९५ सालीं तेथील नाद्रोगा भागांत टेलिव्हिजन आला. त्या वर्षीं व पुन्हां १९९८ सालीं अ‍ॅन बेकर ह्या अमेरिकन विदुषीनें तेथील शाळकरी मुलींची विचारपूस केली. पहिल्या खेपेस वजन उतरावें म्हणून मुद्दाम वांती करणारी एकही मुलगी आढळली नाहीं. दुसऱ्या खेपेस शेंकडा ११ मुलींनीं तसें करीत असल्याचें सांगितलें, आणि शेंकडा ७४ मुलींस, निदान कधीं कधीं, आपण फार जाड आहों असें वाटत होतें. प्रत्येक खेपेस विचारलेल्या मुली साठ-पासष्टच होत्या, म्हणून आंकड्यांवर फार भार घालूं नये. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे. तीन वर्षांत एका लोकसमाजाचीं शरीरें पालटत नाहींत. पालटली ती दृष्टि. ह्यावरून लाज शरीरांत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, व तेथून ती मुलाच्या मनांत उतरते, असें म्हणावें लागतें.

तर मग वजनाचा कांटा काय सांगतो? किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून एक आंकडा काढितात. हें प्रमाण केटले नामक बेल्जियमच्या गणितज्ञानें १८३२ सालीं मांडिलें. तो सर्वसाधारण मनुष्याच्या मापांचा शोध करीत होता. अमुक एका मुलाची योग्यता ठरवीत नव्हता. शिवाय प्रौढांचा आंकडा मुलांस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मुलाचें वय व तो मुलगा कीं मुलगी हें पाहूनच तो वाचावा लागतो. प्रौढपणीं जें वजन असतें त्याचा जवळजवळ अर्धा भाग ह्याच किशोरवयांत वाढतो, आणि वयांत येणाऱ्या मुलीच्या अंगीं मेद वाढणें हा सृष्टिनियमच आहे. कांटा हा वैद्याचा साक्षीदार आहे. त्यास न्यायाधीश करूं नये.

ह्यावरून वजनाकडे दुर्लक्ष करावें असें मात्र कोणी समजूं नये. अतिस्थूलतेमुळें मधुमेह व वाढलेला रक्तदाब लहान वयांतच गांठूं शकतात. दुसऱ्या बाजूस, २०१६ ते २०१८ ह्या काळांत आपल्या देशांत झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणींत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा २४ वाजवीपेक्षां कृश व शेंकडा ५ वाजवीपेक्षां जड आढळलीं. मुलींपैकीं शेंकडा ४० जणींच्या अंगीं रक्त कमी होतें. दोन्ही टोकांच्या मुलांस सहाय्य हवें. काळजी करावी कीं नाहीं हा प्रश्न नव्हे. ती प्रेमानें करावी कीं तिरस्कारानें, हा आहे.

तिरस्कार झालेलें मूल बहुधा उपाशी राहूं लागतें. उपासमार मनाचें काय करिते हें अमेरिकेंतील मिनेसोटा येथें १९४४-४५ सालीं दिसून आलें. अ‍ॅन्सेल कीज ह्यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण ते चिडखोर व उदास झाले, आणि अन्नाशिवाय त्यांस दुसरें सुचेना. बंधन सुटल्यावर कित्येक पोट भरूनही खात सुटले. जाणत्या पुरुषांची ही गत, तर वाढत्या मुलाची काय होईल? चिडविल्यानें मूल सुधारतें ही समजूत म्हणूनच खोटी आहे.

तर मग करावें काय? घरांत एकासच वेगळें पान वाढूं नये. भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे, ऐपतीप्रमाणें दूध व अंडें, हें साधें अन्न स्थूलासही हितकर आहे व कृशासही. मुलीनें सर्वांच्या मागून उरलेलें खावें ही रीत मोडावी. रोज तासभर घाम येईल असा खेळ किंवा श्रम हवा, आणि तो मुलींसही हवा. झोंप आठ तास तरी घ्यावी. मूल जेवण लपवूं लागलें, जेवून वांती करूं लागलें, त्यास चक्कर येऊं लागली, किंवा मुलीची पाळी बंद झाली, तर रागें न भरतां डॉक्टरांस दाखवावें.

तरुण वाचकहो, तुमचें शरीर अजून घडत आहे. ज्यानें तुम्हीं पाणी वाहतां, शाळेची वाट चालतां, धाकट्या भावंडांस कडेवर घेतां, तें तुमचा शत्रु नव्हे. तें तुमच्या हवालीं आहे. त्याची निगा राखा. ज्या वस्तूचा तिटकारा येतो तिची निगा कोणाच्यानें राखवत नाहीं.

आणि वडील मंडळींनो, खुरटलेल्या रोपास कोणी शेतकरी शिव्या देत नाहीं. तो माती पाहतो व पाणी देतो. आज सायंकाळीं घरीं जाल तेव्हां आपल्या मुलास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारा.