वही मिटू नये

गेलेल्या माणसाचे उणेदुणे काढू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. त्यातून ज्याच्यावर लोकांनी जीव लावला, त्याच्याविषयी तर शब्द काढायलाही आपण बिचकतो. पण एकदा मनाला विचारून पाहा. लोकांचे प्रेम ही माणसाच्या चांगुलपणाची पावती आहे का? आणि ते प्रेम शंभर-सव्वाशे वर्षे टिकले, तर ती पावती पक्की झाली असे समजावे का?

विल्यम ग्लॅडस्टन यांचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात ते चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. १८९४ मध्ये शेवटचे पद सोडले तेव्हा वय ८४ होते. कुऱ्हाडीने झाडे तोडण्याचा त्यांना छंद होता. वेल्समधल्या हार्डन गावी त्यांचे घर होते. तिथे कामगार माणसे आगगाडीने त्यांना बघायला येत आणि जमिनीवर पडलेल्या ढलप्या प्रसाद न्यावा तशा घरी नेत. १८९८ मध्ये ते वारले, तेव्हा लंडनला त्यांच्या अंत्यदर्शनासाठी लाखावर लोक आले.

आपल्याकडेही त्यांचे नाव आदराने घेतले जाई. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा झाला, त्याविरुद्ध ते पार्लमेंटात बोलले. पुढे त्यांच्याच सरकारने पाठवलेल्या लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८२ साली, तो कायदा रद्द झाला. तिकडे त्यांना ‘ग्रँड ओल्ड मॅन’ म्हणत. दादाभाई नौरोजींना आपण हिंदुस्थानचे ‘ग्रँड ओल्ड मॅन’ म्हणू लागलो, ते याच चालीवर.

आता वहीचे दुसरे पान उलटू. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन लिव्हरपूलचे मोठे व्यापारी. डेमेरारा म्हणजे आजच्या गयानात आणि जमैकात त्यांचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर राबणारी माणसेही त्यांच्या मालकीची होती. १८२३ मध्ये डेमेरारात गुलामांनी बंड केले, त्याची ठिणगी याच घराण्याच्या मळ्यावर पडली. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा विषय पार्लमेंटात आला, तेव्हा २३ वर्षांचा विल्यम उभा राहिला तो वडिलांच्या मळ्याची बाजू सावरायला. गुलामगिरी गेली. अडीच हजारांवर माणसांवरचा हक्क सुटला म्हणून जॉन ग्लॅडस्टन यांना १,०६,००० पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. राबलेल्यांना काहीच मिळाले नाही.

तोच विल्यम ७० वर्षांचा होत आला असताना, १८७९ च्या हिवाळ्यात, स्कॉटलंडमधल्या सभेत सांगत होता की अफगाणिस्तानच्या डोंगरातल्या, बर्फात बुडालेल्या खेड्यांतल्या माणसाचा जीव देवाच्या दृष्टीने आपल्या जिवाइतकाच पवित्र आहे. आयर्लंडला स्वराज्य द्यावे म्हणून त्याने १८८६ मध्ये आपला पक्ष फुटू दिला, पण विषय सोडला नाही. आपल्याला स्वातंत्र्यावर अविश्वास ठेवायला शिकवले गेले आणि आपण त्यावर विश्वास ठेवायला शिकलो, असे तो उतारवयात म्हणे.

हे वळण सरळ नव्हते. १८६२ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या पुढाऱ्यांना राष्ट्र घडवल्याचे श्रेय दिले. १८८२ मध्ये त्यांच्याच सरकारच्या आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. पण पहिली चूक घोर होती, असे त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवले. सुमारे सत्तर वर्षे ते रोजनिशी लिहीत होते. वेळेचा हिशोब आणि आपल्या पापांची नोंद, दोन्ही तिच्यात आहेत.

मला वाटते, लोकांचा जीव जडला तो इथे. निष्कलंक माणसाला आपण लांबून हात जोडतो. चुकून वळणारा माणूस मात्र आपल्या घरातला वाटतो. अनुताप खरा असला की लोकांना तो कळतो.

पण सज्जनहो, इथे जरा थांबा. ढलप्या उचलणाऱ्या त्या गर्दीत डेमेराराचा कोणी होता का? अंत्यदर्शनाच्या रांगेत होता का? ज्यांचे काही गेले नव्हते त्यांनी प्रेम दिले. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांना कोणी विचारलेच नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याला दुखावले त्याचा असतो. बघणाऱ्यांची गर्दी कितीही मोठी झाली, तरी तो अधिकार तिच्याकडे येत नाही. लोकप्रियता जुनी झाली म्हणून ऋण फिटत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये या घराण्यातली आजची माणसे गयानाला गेली आणि त्यांनी तिथल्या लोकांसमोर माफी मागितली. दोनशे वर्षांपूर्वीचे कशाला उकरता, असे कोणालाही वाटेल. पण ज्या दारी आजोबा-पणजोबांनी जायला हवे होते, त्या दारी नातवंडे-पणतवंडे गेली. त्याने ग्लॅडस्टन लहान झाले असे मला वाटत नाही. त्यांनीच सुरू केलेला हिशोब एका ओळीने पुढे गेला, इतकेच.

आपल्याही घरात असा एखादा आजोबा असतो. त्याने विहीर बांधली, धर्मशाळा बांधली, गाव अजून नाव काढते. काढावेच. पण त्या विहिरीचे दगड कोणी वाहिले, त्याला मजुरी मिळाली की वेठ पडली, हेही एकदा घरातल्या थोरांना विचारा. उत्तर कडू आले तरी फोटोवरचा हार उतरवू नका. त्या दगड वाहणाऱ्याचे नातू गावातच असतील, त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन या. ज्याने आयुष्यभर आपली वही उघडी ठेवली, त्याची वही आपण प्रेमापोटी मिटू नये. आणि आपली तर नाहीच.