पहिल्या प्रकरणाची डागडुजी

काही माणसांना कुठलीही गोष्ट पुरी करण्यापेक्षा तिची सुरुवात सुधारण्यातच जास्त गोडी असते. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी दुमजली बंगला बांधायला काढला. वरचा मजला चढायच्या आतच त्यांच्या डोळ्यांत तळमजल्याच्या फरशीचा रंग खुपायला लागला. फरशी उखडली. नवी बसवली ती अर्धा इंच जाड निघाली, म्हणून दारं घासायला लागली. दारं तासली, तर कड्या बसेनात. आज तिथे एक अत्यंत देखणा तळमजला आहे आणि त्याच्या डोक्यावर आकाशाकडे बोटं दाखवीत उभ्या असलेल्या गंजक्या सळया आहेत. गृहस्थ सुखी आहेत. पाऊस आला की तेवढे जरा कमी सुखी असतात.

माझा भाचा याच पंथातला. दिवसा तो एका कंपनीत संगणकाची नोकरी करतो आणि रात्री कादंबरी लिहितो. कादंबरी म्हणजे तुमच्याआमच्या ओळखीची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेली नव्हे. हिला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर चित्र येतं, खाली पात्राचं बोलणं उमटतं, आणि ऐन रंगात आलेली कथा मध्येच थबकून तुम्हालाच विचारते की आता काय करायचं? दोन-तीन बटणं पुढे येतात. तुम्ही दाबाल त्या वाटेने कथा जाते. आमच्या पिढीला याचं मोठं अप्रूप. आमच्या कादंबऱ्यांतल्या नायिकेने विष घेतलं तरी आम्हाला कुणी विचारत नसे.

हे घराणं मूळचं जपानी. युजी होरी यांनी १९८३ साली 'पोर्टोपिया' नावाचा खुनाचा तपास संगणकावर आणला, तो या घराण्याचा मूळपुरुष मानतात. पुढे २००४ साली टॉम रॉथमेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी असल्या कादंबऱ्या लिहिण्याचं एक अवजारच फुकट वाटायला सुरुवात केली. त्याचं नाव रेन्‌पाय. जपानीत 'रेन्‌आय' म्हणजे प्रेम, आणि पायथन ही संगणकाची भाषा. प्रेम आणि अजगर यांची इतकी उघड सांगड आमच्या कवींनाही सुचली नव्हती.

शिवाय भाच्याची कादंबरी 'प्रौढांसाठी' आहे. हे त्याने सांगितलं तेव्हा मी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून घेतलं. पात्रं सगळी तिशीतली आहेत. वाचणाऱ्यालाही सुरुवातीला अठरा वर्षं पुरी असल्याची कबुली द्यावी लागते. "मामा, तुझी झालीयेत ना?" भाच्याने विचारलं. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

ही कादंबरी हप्त्याहप्त्याने निघते. जगभरातले शे-दोनशे वाचक दरमहा वर्गणी देतात. भिशीच म्हणा ना, फक्त चिठ्ठी दर महिन्याला लेखकाच्याच नावाची निघते. गेल्या चार वर्षांत सहा प्रकरणं झाली. सातवं यायचं आहे, आणि सातव्याचं वैशिष्ट्य असं की ते खिडक्या लावून घेऊन वाचायचं आहे. वर्गणीदार त्याच आशेवर तग धरून आहेत. अशा वेळी चिरंजीवांनी काय करावं? पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं!

अपुरं काम लोकांपुढे ठेवण्यात गैर काहीच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग लावला तो चारच अंकांचा होता. उरलेले अंक मागाहून आले. 'रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगभूमीवर आले आणि १८८५ साली अण्णासाहेबच गेले. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. प्रश्न अपुरेपणाचा नाहीच. लोक ज्या जिन्याने चढून वर येऊन बसले आहेत, तो जिना मागाहून हलवावा की नाही, हा आहे.

आता कथा सांगतो, म्हणजे मेख कळेल. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झालाय. डोंगरावरच्या विश्रामगृहात एक पूल बांधणारा इंजिनीयर आणि एक डॉक्टरीणबाई अडकून पडलीत. बाई खालच्या वाडीत रोगी बघायला जातात आणि त्यांची रोजनिशी टेबलावर राहते. कथा थबकते. दोन बटणं : 'वाच' आणि 'वाचू नकोस'. जो वाचतो त्याला बाईंच्या मनातलं दुःख कळतं. तिसऱ्या प्रकरणात तो नेमक्या त्याच दुखऱ्या जागेवर फुंकर घालतो. बाईंना वाटतं, न सांगता ओळखणारा हा पहिलाच पुरुष! जो वाचत नाही, तो सज्जन सहाव्या प्रकरणापर्यंत हवापाण्याच्याच गप्पा मारत बसतो. अर्थात दुसऱ्यांदा खेळणारा प्रत्येक जण रोजनिशी वाचतो.

हे लिहिलं तेव्हा भाचा अविवाहित होता. मध्यंतरी त्याचं लग्न झालं, आणि त्याच्या स्वतःच्याही वस्तू टेबलावर राहायला लागल्या. एक दिवस त्याला साक्षात्कार झाला की आपण चार वर्षं चोरीला बक्षीस देत आलो. बाईंनी सातव्यात दार उघडायचं ते विश्वासावर, आणि तो विश्वास उभा कशावर, तर चोरून वाचलेल्या पानांवर. त्यांनी हो म्हटलं, पण कुणाला म्हटलं? न सांगता ओळखणाऱ्याला. तसा माणूस त्या विश्रामगृहात उतरलेलाच नाही. "मामा, हा होकार खरा कसा धरायचा?" त्याने विचारलं. प्रश्न प्रौढांसाठीच होता, यात शंका नाही.

म्हणून त्याने पहिल्या प्रकरणात तिसरं बटण बसवलं : 'बाई आल्या की विचार'. विचारणाऱ्याला बाई स्वतःच थोडंथोडं सांगतात. छान झालं. नव्या वाचकांपुरतं छान झालं. जुन्यांचं काय?

या खेळात मध्येच थांबून खूण ठेवता येते. तुम्ही आजवर कुठली बटणं दाबलीत ते सगळं त्या खुणेत मांडलेलं असतं. बँकेचं पासबुकच ते. जुना वाचक आपली जुनी खूण नव्या आवृत्तीत उघडतो तेव्हा यंत्राला एक नवीन रकाना रिकामा दिसतो : विचारलं होतं का? रकाना रिकामा दिसला की यंत्र तिथे लेखकाने आधीच नेमून दिलेलं उत्तर भरून टाकतं. ते होतं 'नाही'. परिणाम असा की नव्या सहाव्या प्रकरणात बाई जुन्या वाचकाकडे वळून म्हणाल्या, "तू मला विचारलंसुद्धा नाहीस!" एका वर्गणीदाराचं संतप्त पत्र आलं की बाईसाहेब, मी आलो तेव्हा विचारायचं बटणच नव्हतं!

या पत्राने भाच्याची झोप उडाली आणि त्याने माझी उडवली. कारण माणूस बरोबर बोलत होता. जो पर्याय पुढे ठेवलाच नाही तो न घेतल्याचा ठपका कुणावर ठेवायचा? बटण दाबणाऱ्यावर, की बटणं करणाऱ्यावर?

मोठमोठ्यांनीही या घोळातून आपापल्या वाटा काढल्या आहेत. 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९-५० साली मासिक भागांत निघत होती, तेव्हा तिच्यातल्या एका ठेंगण्या बाईच्या पात्रात डिकन्सच्या शेजारच्या एका खऱ्या बाईंनी स्वतःला ओळखलं. त्या रागावल्या, आणि रागावणं रास्त होतं. छापून विकलेला भाग काही परत बोलावता येत नव्हता. डिकन्सने पुढच्या भागात त्या पात्राला भलं करून टाकलं. मागचं तसंच ठेवून पुढे भरपाई केली. टॉल्किनची गोष्ट याहून चलाख. १९३७च्या 'हॉबिट'मध्ये गॉलम पैजेला बक्षीस म्हणून अंगठी द्यायला राजी असतो, आणि ती सापडत नाही म्हणून बिचारा बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे मोठ्या ग्रंथाला दुष्ट गॉलम हवा होता, तेव्हा १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. मग जुन्या आवृत्तीचं काय करायचं? टॉल्किन म्हणाले, ती बिल्बोने मारलेली थाप होती! लेखकाचा बदल पात्राच्या माथी मारून मोकळे. वकिलालासुद्धा हे सुचलं नसतं. आणि जपानातली 'त्सुकिहिमे' घ्या. २००० साली प्रौढांसाठी निघालेली कादंबरी कर्त्यांनी नव्याने लिहून २०२१ साली आणली, ती तसली दृश्यं गाळून, आणि मूळच्या पाच वाटांपैकी दोनच घेऊन. म्हणजे पुन्हा आमच्या आळीतला बंगला.

मला मात्र या प्रश्नावर डिकन्सपेक्षा माझ्या आत्याचं मत जास्त वजनदार वाटतं.

आत्याचं लग्न १९६७ साली सांगलीत झालं. मुलगी बघायला सात माणसं आली होती. तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भरतकाम येतं का विचारलं. पोह्यांत मीठ कमी आहे का, हे एकमेकांना विचारलं. आतोबांना मुलगी पसंत आहे का, हे त्यांच्या वडिलांनी विचारलं. आत्याला काय वाटतं, हे सोडून त्या दुपारी सगळं विचारून झालं. पुढे २०१७ साली लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नातवंडांनी एक देखणा आल्बम केला. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात मजकूर होता : 'आणि आजीने लाजत होकार दिला.' आत्याने चष्मा लावला, पेन मागितलं आणि ते वाक्य सरळ खोडलं.

"अगं आजी, मग काय लिहू?" नात रडकुंडीला आली.

"लिही, विचारलं नाही."

आतोबा दुखावले. म्हणाले, "अहो, त्या काळी मुलीला विचारायची पद्धतच नव्हती."

"पद्धत नव्हती. पण मी समोरच बसले होते ना? तोंड होतं मला."

"मग ही पन्नास वर्षं काय वाईट गेली?"

"झकास गेली. त्याबद्दल मी काही बोलतेय का? पण होकार मी दिला नव्हता. दिला असता का, ते मलाही ठाऊक नाही. माझ्या नावावर न दिलेलं मांडू नका."

आल्बममध्ये ते पान तसंच आहे, खोडलेल्या ओळीसकट. त्या रात्री आतोबांनी तिला रीतसर विचारलं म्हणतात. तिने काय उत्तर दिलं ते आम्हाला कळलेलं नाही. खोलीचं दार लावलेलं होतं.

गंमत बघा, यंत्र न विचारलेल्याच्या नावावर 'नाही' मांडतं आणि आमच्या घराघरांतून न विचारलेलीच्या नावावर 'हो' मांडलं गेलं. उत्तरं उलटी, पण लबाडी एकच. आता आतोबा आणि तो रागावलेला वर्गणीदार एकच सबब सांगत होते हे खरं, पण मी दोघांना एका मापाने मोजणार नाही. वर्गणीदारापुढे खरोखरच दोन बटणं होती; तिसरं दाबायला पडद्यावर जागाच नव्हती. सांगलीच्या त्या माजघरात सात माणसं होती आणि सातांनाही जिभा होत्या.

मी भाच्याला बँकेची रीत सांगितली. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही कुणाच्या खात्यावर ढकलत नसू. ती सस्पेन्स खात्यात जाई आणि धनी सापडेपर्यंत तिथेच पडून राही. तुझ्या यंत्रात 'हो' नाही, 'नाही' नाही, नुसतंच 'विचारलं नाही' असं मांडता येतं का?

"येतं की," भाचा म्हणाला, "'नन' म्हणतात त्याला." आणि बराच वेळ गप्प बसला.

मग त्याने जे केलं ते मला पसंत पडलं. नव्या वाचकांना तीन बटणं. जुन्यांचं पहिलं प्रकरण जसंच्या तसं. त्यात लबाडीने एक अक्षरही बदललं नाही. फक्त जुनी खूण उघडली की लेखक स्वतःच्या नावाने पुढे येतो आणि सांगतो की तेव्हा मी तुला विचारायची सोय ठेवली नव्हती, ती चूक माझी. रोजनिशी वाचली असशील, तर ते बाईंना आता सांगायचंय का? दोन बटणं. सांगितलं, तर बाई उठून आपल्या खोलीत जातात, आणि सातवं प्रकरण त्या वाचकापुरतं व्हरांड्यातच संपतं. आठव्यात त्या बोलतील, कदाचित. न सांगणाऱ्याला ठरल्याप्रमाणे सगळं मिळतं; मात्र टेबलावरची रोजनिशी त्या प्रकरणाच्या प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे दिसत राहते. पोलंडमधला जो गडी चित्रं काढतो त्याने तेवढ्यासाठी जादा पैसे लावले.

वर्गणीदारांतले काही चिडून गेले. त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. महिनोन्‌महिने पैसे भरले ते काही व्हरांड्यासाठी नव्हेत. काही राहिले. तो पत्र लिहिणारा राहिला. त्याने कुठलं बटण दाबलं ते भाच्याला माहीत नाही, तसं कळण्याची सोयच त्याने ठेवलेली नाही.

सातवं प्रकरण दिवाळीला येणार होतं. परवा भेटला तेव्हा दुसऱ्या प्रकरणात काहीतरी खटकतंय म्हणाला. सातवं आता गुढीपाडव्याला येईल. कुठल्या गुढीपाडव्याला, ते मी विचारलं नाही.